गल्लीतला वेग, दारातली गाडी: तक्रार पुरे, आता अर्ज करू या

डिसेंबर महिना आपल्या उपनगरांना अलीकडे जड जातो आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची बस गर्दीत घुसली आणि किमान ७ जणांचा जीव गेला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला घाटकोपर पश्चिमेच्या चिराग नगरात एका टेम्पोने बाजारातल्या माणसांना उडवले, त्यात एका महिलेचा मृत्यू झाला. पुढचे वर्ष संपता संपता, २९ डिसेंबर २०२५ च्या रात्री, भांडुप स्टेशनबाहेर पुन्हा बेस्टची बस माणसांवर गेली. तिथे ४ जण दगावले.

चालक चुकला की गाडी बिघडली, हे पोलीस आणि कोर्ट ठरवेल. त्यात आम्ही पडत नाही. पण या तिन्ही जागांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. रस्ता अरुंद, बाजाराची गर्दी, आणि माणसाला बाजूला उडी मारायला जागा नाही. चूक एकाची होते, पण ती किती जणांना भोवणार हे रस्त्याची रचना ठरवते.

अशा प्रत्येक घटनेनंतर आपल्याकडे काय होते? दोन दिवस टीव्ही, चार दिवस फेरीवाल्यांवर कारवाई, मग जैसे थे. मोहल्ल्यातली माणसे म्हणतात, "इथे स्पीडब्रेकर पाहिजे होता, किती वर्षं सांगतोय." मात्र कोणाला सांगितले, लेखी दिले का, पोच घेतली का, असे विचारले की सगळे गप्प. म्हणून हा लेख.

दोन दरवाजे, दोन वेगळी कामे

पहिली अडचण ही की लोकांना दार कुठले ठोठवायचे तेच माहीत नसते. पालिकेत गेले की "पोलिसांकडे जा", पोलिसांकडे गेले की "पालिकेकडे जा". लोक कंटाळतात आणि विषय संपतो. खरे तर दोघेही अर्धे अर्धे बरोबर सांगत असतात.

गाडी कुठे उभी करायची, कुठे नाही, रस्ता एकदिशा करायचा का, अवजड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी घालायची का, हे ठरवण्याचा अधिकार वाहतूक पोलिसांचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त अधिसूचना काढतात. अनेकदा ती आधी प्रायोगिक असते. काही आठवडे बघायचे, लोकांच्या सूचना आणि हरकती घ्यायच्या, मग कायम करायची.

रस्त्यावर प्रत्यक्ष बांधकाम करणे हे पालिकेचे काम. गतिरोधक, उंचावलेले झेब्रा क्रॉसिंग, फुटपाथ, फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून खांब, रंगाचे पट्टे, हे सगळे त्यात आले. यासाठी वॉर्ड ऑफिसमधला परिरक्षण विभाग आणि मुख्यालयातला रस्ते व वाहतूक विभाग. अंधेरी पश्चिमेला के-पश्चिम, बोरिवलीला आर-मध्य, घाटकोपरला एन आणि मुलुंडला टी वॉर्ड. वॉर्डाचा प्रमुख म्हणजे सहायक आयुक्त. गतिरोधकासाठी पालिका सहसा वाहतूक पोलिसांचा अभिप्राय मागते.

म्हणून सोपा नियम: अर्ज एकच लिहायचा, पण दोन्हीकडे द्यायचा. सहायक आयुक्तांना एक आणि आपल्या भागातल्या वाहतूक विभागाच्या वरिष्ठ निरीक्षकांना एक. दोन्ही प्रतींवर लिहायचे की दुसरी प्रत अमुक कार्यालयाला दिली आहे. मग टोलवाटोलवी अवघड होते.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. रस्ता कोणाचा आहे? म्हाडाच्या वसाहतीतला आतला रस्ता, सोसायटीची खासगी वाट, पुनर्वसन इमारतींमधला बोळ, हे पालिकेच्या ताब्यात नसतील तर पालिका तिथे खर्च करणार नाही. वॉर्ड ऑफिसमध्ये विचारले की कळते. दहा महिने धावपळ करून शेवटी हे ऐकण्यापेक्षा पहिल्याच दिवशी विचारलेले बरे.

प्रत्येक दुखण्याला गतिरोधक हेच औषध नाही

आपल्या लोकांना वेग कमी करण्याचा एकच उपाय माहीत असतो, तो म्हणजे गतिरोधक. काही ठिकाणी तर रहिवासी स्वतःच रात्रीत सिमेंटचा उंचवटा घालून मोकळे होतात. हे बेकायदा तर आहेच, शिवाय धोक्याचे आहे. अंधारात न दिसणाऱ्या अशा उंचवट्यावरून स्कूटरवरची बाई मुलासकट पडते. रिक्षातल्या गरोदर बाईला हिसका बसतो. रुग्णवाहिकेचा वेळ जातो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गतिरोधकाचे माप दिले आहे. गाडीच्या दिशेने ३.७ मीटर लांब, मध्ये १० सेंटीमीटर उंच आणि गोलसर, म्हणजे २५ च्या वेगाने गाडी आरामात पार होईल. त्यावर काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी इशारा देणारा फलक हवा. आपल्या गल्लीतला उंचवटा या मापात बसतो का, टेप घेऊन मोजून बघा. बसत नसेल तर तो दुरुस्त करण्याचा अर्ज हाही चांगला अर्ज आहे.

शाळेसमोर उंचावलेले झेब्रा क्रॉसिंग जास्त उपयोगी. मूल फुटपाथच्या उंचीवरूनच रस्ता ओलांडते आणि गाडीला वेग कमी करावाच लागतो. नाक्यावर फुटपाथचा कोपरा थोडा पुढे आणला की वळणारी गाडी हळू होते आणि ओलांडायचे अंतरही घटते. भायखळ्यात मिर्झा गालिब मार्गावर ख्राइस्ट चर्च शाळेजवळ पालिका आणि वाहतूक पोलिसांनी 'सुरक्षित शाळा परिसर' असा प्रयोग केला. मुंबईत हे होऊ शकते, आणि आपल्या ओळखीच्या रस्त्यावर होऊ शकते, हे दाखवायला तेवढे उदाहरण पुरे.

वेगाचा हिशेब आम्ही वर्गात मुलांना सांगतो तसाच इथे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्के वाढतो. जिथे माणसे आणि गाड्या एकत्र चालतात तिथे ताशी ३० किलोमीटरच्या पुढे वेग नको, हा जगभरचा आग्रह त्यातूनच आला. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यातले ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते. म्हणजे दर पाचातला एक जण फक्त चालत होता.

काँक्रीटचा रस्ता: संधी आणि धोका

सध्या पालिका दोन टप्प्यांत सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांचे काँक्रिटीकरण करत आहे. खड्डे गेले, छान झाले. पण गुळगुळीत रस्त्यावर वेग वाढतो, आणि खोदकामात जुना गतिरोधक गेला की तो आपोआप परत येईलच असे नाही. तुमच्या गल्लीचे काम अजून व्हायचे असेल तर हीच अर्जाची वेळ आहे. काँक्रीट ओतण्याआधी उंच क्रॉसिंग आणि फुटपाथचा कोपरा नकाशात घालणे सोपे. नंतर तोडफोड करायला कोणी तयार होत नाही.

दुसरी संधी राजकीय आहे. मार्च २०२२ पासून पालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासक बघत होते. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले आणि जवळजवळ ४ वर्षांनी वॉर्डाला विचारायला माणूस मिळाला. निवडणुकीत गल्लीगल्ली फिरलेल्या नगरसेवकांना आता त्याच गल्लीत बोलवा आणि शाळा सुटायच्या वेळी बोलवा. प्रभाग समितीत विषय त्यांनी मांडायचा आहे.

पार्किंगचा प्रश्न आपल्याही दाराशी आहे

इथे जरा कडू बोलावे लागेल. वेगाबद्दल तक्रार करताना आपण सगळे एक असतो, पण पार्किंगचा विषय निघाला की तोंडे फिरतात. कारण दुहेरी रांगेत उभी असलेली गाडी कधी आपल्या भावाची असते, टेम्पो शेजाऱ्याचा असतो, रिक्षा मामूंची असते. जुम्म्याच्या नमाजला मस्जिदीसमोर लागलेल्या मोटारसायकली आपल्याच असतात, आणि हॉलवरच्या निकाहाला आलेल्या गाड्याही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हे ईमानाचे अंग आहे, ही शिकवण मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असते. ती दगडाला लागू होते तशी आपल्या बाइकलाही होते. रात्री आगीचा बंब अडला, तर बंबाला गाडी कोणाची हे माहीत नसते.

काही जागांसाठी अधिसूचनेची वाटही बघायची गरज नाही. वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांनुसार फुटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, चौकाच्या तोंडाशी, बसथांब्याजवळ आणि शाळा किंवा हॉस्पिटलच्या दारात गाडी लावणे मुळातच मना आहे. तिथे फक्त कारवाई मागायची. वाहतूक पोलिसांचा व्हॉट्सॲप क्रमांक ८४५४९९९९९९ आहे. पालिकेची हेल्पलाइन १९१६.

बाकी रस्त्यासाठी बंदी मागताना मात्र विचार करून मागा. सरसकट 'नो पार्किंग' मागितले की गाड्या शेजारच्या गल्लीत जातात आणि भांडण तिकडे सरकते. पार्किंग बंद केले की चार दुकानदारांचा धंदा बुडेल, अशी भीतीही खोटी नसते. म्हणून पर्याय मागा: सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला पार्किंग, शाळेच्या वेळेपुरती बंदी, माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ, रिक्षांसाठी वेगळी आखलेली जागा. जुलै २०१९ मध्ये पालिकेने २६ सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा पार्किंगला मोठा दंड लावला, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. नुसत्या दंडाच्या जोरावर शिस्त टिकत नाही. माणसाला गाडी लावायला दुसरी जागा दाखवावी लागते.

अर्जात काय लिहायचे

"आमच्याकडे खूप ट्रॅफिक आहे, कृपया लक्ष द्यावे" असा अर्ज फाइलीत झोपतो. अधिकाऱ्याला ज्यावर निर्णय घेता येईल असे लिहा:

१. रस्त्याचे नाव, कुठून कुठपर्यंत, अंदाजे लांबी आणि रुंदी. साधा हाताने काढलेला नकाशा जोडा.

२. त्रास कुठल्या वेळी. सकाळी शाळा भरताना, दुपारी सुटताना, संध्याकाळी बाजाराच्या वेळी. तीन वेगवेगळ्या दिवशी अर्धा-अर्धा तास बसून किती गाड्या गेल्या, किती मुलांनी रस्ता ओलांडला, किती गाड्या दुहेरी रांगेत होत्या ते मोजा. आठवी-नववीची मुले हे काम फार हौसेने करतात. त्यांना फक्त सुरक्षित जागी बसवा.

३. तारीख असलेले फोटो. अपघाताचा गुन्हा नोंद झाला असेल तर त्याचा क्रमांक.

४. नेमकी मागणी. "शाळेच्या मुख्य दारासमोर उंचावलेले क्रॉसिंग, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना शाळेच्या वेळेत पार्किंग बंदी" असे.

५. सह्या. फक्त सोसायटीच्या नकोत. दुकानदार, शाळेचे मुख्याध्यापक, मस्जिदीचे ट्रस्टी, समोरच्या मंदिराचे विश्वस्त, डॉक्टर, रिक्षा स्टँड, सगळ्यांच्या घ्या. रस्ता सगळ्यांचा आहे आणि अपघात नाव विचारून होत नाही. मागणी एका जमातीची वाटली की ती अडकते. गल्लीची वाटली की चालते.

६. शेवटी संयुक्त पाहणीची विनंती. पालिकेचे अभियंते आणि वाहतूक पोलीस एकाच वेळी जागेवर यावेत. दोन खात्यांना एकत्र उभे केले की एकाच भेटीत बरेच काही ठरते.

अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. महिन्यात उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराखाली १० रुपयांच्या शुल्कात विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, पाहणी केव्हा झाली, अभिप्राय काय आला. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. नाही मिळाले तर पहिले अपील. यात रागवायचे काही नाही. कागदाला कागदाने विचारायचे.

आणि अधिसूचना निघाली म्हणजे काम झाले असे समजू नका. फलक लागला का, पट्टे मारले का, हे बघावे लागते. फलकच नसेल तर चालक म्हणणार, मला कसे कळणार?

हे जमते का? जमले आहे

मुंबईत रहिवाशांनी पालिकेबरोबर बसून आपला परिसर सांभाळायची जी 'प्रगत परिसर व्यवस्थापन' योजना आली, तिची सुरुवात १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधून झाली. तिथले रहिवासी एका गल्लीच्या स्वच्छतेसाठी एकत्र आले आणि पुढे शहरभर तशी मंडळे उभी राहिली. सुरुवातीला त्यांच्या हातात एक गल्लीच होती. फक्त ते चिकाटीने मागे लागले.

आपल्या वस्त्यांत अशी मंडळे कमी दिसतात. जमात आहे, मस्जिद कमिटी आहे, शाळेचा पालक-शिक्षक संघ आहे, बचत गट आहेत. माणसे आहेत, विश्वास आहे. पण रस्त्याचा विषय कुणाच्याच अजेंड्यावर नसतो. वास्तविक सकाळी मुलाचा हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या आईला या विषयातले जे कळते ते कमिटीतल्या कुणालाच कळत नाही. तिला बैठकीला बोलवा. तिचे नाव अर्जावर पहिले असू द्या.

येत्या जुम्म्याला नमाजनंतर दहा जण पंधरा मिनिटे थांबा. गल्लीचा नकाशा काढा, मोजणीची तीन माणसे ठरवा आणि वॉर्ड ऑफिसला कोण जाणार ते नक्की करा. शाळेच्या नव्या वर्षाआधी निदान दारासमोरचे पट्टे तरी रंगलेले असावेत, इन्शाअल्लाह.