वेळापत्रक कोणासाठी?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डीच्या अंगाला मुकादमाची गाडी आली की शाळा ओस पडू लागते. उचल घेतलेली असते. आईबापांना कोयता घेऊन फडावर जाणे भाग, मग पोर ठेवणार कोणाजवळ? तेही निघते, ते मार्च-एप्रिलात परतते. इकडे आमचे वेळापत्रक ठरल्या वाटेने चाललेच! पोराने गुणाकारावर शाळा सोडली, तोवर वर्ग भागाकार संपवून बसला. मग आमच्यातलेच काही पंतोजी म्हणतात, “ह्यांच्या डोक्यातच गणित नाही.” वाहवा रे न्याय!

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनास कळविले होते की, खेड्यातील शाळेत विषय थोडे असले तरी चालतील, परंतु ते व्यवहारास कमी उपयोगी नसावेत. २००९ चा कायदा स्थलांतरितांच्या मुलांस शाळेत घ्या म्हणतो. घेतले, हाती हमीपत्रकही दिले. पण पत्रकावर नाव जाते, राहिलेला धडा जात नाही.

गणित-वाचनाचे कठीण धडे जूनपासून दिवाळीच्या आत उरकावेत, बाकीचे मागून होईल. फडाजवळच्या शाळेने मोठ्या बहिणीच्या काखेतले पोर पाहून तिला दारातून परतवू नये. (तिने त्याला कोपीत कोणाच्या भरवशावर टाकावे?) हे एका साहेबांस सांगितले, तर म्हणाले, “नियमात बसत नाही.” अहो, त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात! मुकादमाची गाडी येण्याआधी बैठक बोलवा, आणि हे ठरावात लिहून घ्या. अंगठा उठवण्यापूर्वी तो ठराव वाचूनही घ्या.