टाळ्या कुणाला, ठपका कुणावर?

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आणि ८ मार्चला महिला दिन. या दोन तारखांच्या मधल्या काळात आपल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत वक्तृत्व स्पर्धांचं पेव फुटतं. विषयांची यादी ठरलेली असते. हुंडा, लेक वाचवा, स्त्रीभ्रूणहत्या, आजची स्त्री. बक्षीस द्यायला किंवा परीक्षक म्हणून पुष्कळदा आपल्यासारख्या संघटनेतल्या बाईलाच बोलावणं येतं. म्हणून या भाषणांबद्दल आपण आपसात मोकळेपणाने बोलायला हवं, असं मला वाटतं.

मी मिरजगावात राहते. नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं हे गाव. इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींबरोबर मी गेली काही वर्षं भाषणाचे वर्ग घेते. भाषण कसं करावं, हे त्यांना शिकायचं असतं. मला त्याबरोबर आणखी एक शिकवायचं असतं : भाषण ऐकताना ते आपल्यावर कसं काम करतं. हे शिकवणं मुलींसाठी किती निकडीचं आहे, ते सांगण्यासाठी हा लेख.

स्पर्धेत हमखास बक्षीस मिळवणारं एक भाषण आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पोटातली मुलगी आईशी बोलते. मला जगू दे, मला मारू नकोस, म्हणून विनवते. बोलणारी मुलगी शेवटी रडते, समोरच्या बायका पदराने डोळे पुसतात, सरपंचही गंभीर होतात. मग टाळ्या. हे भाषण मुलगी स्वतः लिहीत नाही. ते कुणीतरी लिहून दिलेलं असतं, वर्षानुवर्षं वहीतून वहीत उतरत आलेलं असतं.

आता या भाषणाला एकच प्रश्न विचारून पाहू. यात आरोपी कोण आहे? आई. गर्भाचं लिंग पैसे घेऊन सांगणारा डॉक्टर भाषणात नाही. मुलगा हवा म्हणून सुनेला गाडीत घालून नेणारं घर नाही. हुंडा नाही, जमिनीचा वारसा नाही. आहे ती एकटी बाई आणि तिच्या पोटातून तिच्यावर होणारा आरोप.

कायदा याच्या उलट बाजूने विचार करतो. आपल्या महाराष्ट्रात १९८८ साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा झाला, तो चळवळीच्या रेट्यामुळे. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. त्या कायद्यात असं गृहीत धरलेलं आहे की गरोदर बाईने तपासणी करून घेतली ती नवऱ्याच्या किंवा नातेवाइकांच्या दबावाखाली. तसं नव्हतं हे कुणाला म्हणायचं असेल तर त्याने ते सिद्ध करावं. म्हणजे कायद्याला बाईवरचा दबाव दिसतो आणि आपल्या स्पर्धेतल्या भाषणाला दिसत नाही! शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीला २०१२ मध्ये एका विवाहितेचा गर्भपात करताना मृत्यू झाला. त्या डॉक्टर पतिपत्नीला २०१९ मध्ये शिक्षा झाली. 'आई, मला मारू नकोस' या भाषणात या मेलेल्या आईला जागा कुठे आहे?

दुसरी गोष्ट गर्भपाताची. १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी गर्भपात कायदेशीर आहे. आपण लिंगनिवडीच्या विरोधात आहोत, गर्भपाताच्या नाही. पण सगळा गर्भपात म्हणजे खून, असं ठसवणारी भाषणं ऐकत वाढलेली मुलगी उद्या स्वतः अडचणीत सापडली तर दवाखान्याची पायरी चढेल का? 'भ्रूणहत्या' हा शब्द टाळून 'लिंगनिवड' म्हणा, असं आपल्यातल्या अनेकजणी कितीतरी वर्षं सांगत आहेत, ते याचसाठी.

आणि परिणाम? २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) हा आकडा ८८४ वरून ८५२ वर आला. भाषणांमुळे मुली घटल्या, असं मी मुळीच म्हणत नाही. पण रडवणाऱ्या भाषणाने ऐकणाऱ्याचं मन हललं म्हणजे काम झालं, हा आपला समज तरी तपासायला नको का?

वर्गात मी मुलांना तीन शब्द देते. पत, पाझर आणि पुरावा. माणसाला पटवण्याच्या या तीन वाटा. ग्रीस देशातल्या ॲरिस्टॉटलने अडीच हजार वर्षांपूर्वी त्या मांडल्या आणि जगभर अजून तशाच शिकवल्या जातात. बोलणाऱ्याचं वजन, म्हणजे पत. ऐकणाऱ्याच्या मनाला हात घालणं, म्हणजे पाझर. आकडा, दाखला आणि तर्क, म्हणजे पुरावा. नावं मी आपल्या बोलीतली घेतली, कारण बाजारात उधारी द्यायची की नाही ते पतीवर ठरतं, हे आमच्या पोरांना सांगावं लागत नाही.

या तीनही वाटा कशा एकत्र येतात ते दाखवायला मी परदेशी भाषण घेत नाही. मुक्ता साळवेचा निबंध घेते. आमच्या जिल्ह्याचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. नगरच्या मिस फरारबाईंची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ मध्ये सुरू झालं तेही नगरलाच. त्याच 'ज्ञानोदया'त १८५५ साली मुक्ताचा निबंध दोन भागांत छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, वय अवघं चौदा.

मुलांना मी विचारते, हिची पत कशात? ती जे सांगते ते तिच्या जातीने सोसलेलं आहे, दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं नाही. पाझर कुठे फुटतो? डोक्यावर छप्पर नाही, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या समाजातल्या बायांचं दुःख ती सांगते तिथे. आणि ऐकणाऱ्याला ती नुसतं रडायला लावत नाही. स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा म्हणते. मग पुरावा. वेद फक्त ब्राह्मणांचे आणि आम्ही ते पाहायचेही नाहीत, तर मग आम्ही धर्मग्रंथाशिवायचेच ठरलो, असा सरळ तर्क ती मांडते. वरच्यांच्याच बोलण्यातून निघणारा निष्कर्ष ती त्यांच्यासमोर ठेवते, त्याला उत्तर देणं अवघड जातं. शेवटी ऐकणाऱ्याने काय करायचं तेही तिच्याकडे आहे : शिका. आणि ठपका? तो अन्याय करणाऱ्यावरच आहे, सोसणाऱ्यावर एकदाही नाही. आता हा निबंध आणि पोटातल्या मुलीचं भाषण शेजारी ठेवा. मुलांना फरक आपोआप दिसतो.

हे सगळं जुन्या काळातलं आहे, आता त्याचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. आमच्या तालुक्यात तसं म्हणता येत नाही. जुलै २०१६ मध्ये याच कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यानंतर ९ ऑगस्टपासून राज्यभर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. त्यांत मुली सर्वांत पुढे चालल्या, व्यासपीठावरून त्याच बोलल्या, निवेदनंही त्यांनीच दिली. इतक्या मोठ्या संख्येने मुली रस्त्यावर आल्या, माईकसमोर उभ्या राहिल्या, ही साधी गोष्ट नव्हती. लाखोंच्या गर्दीतली शांतता हेसुद्धा एक भाषणच होतं.

पण वर्गात आम्ही पुढचा प्रश्नही विचारतो. त्या निवेदनात गुन्हेगारांना शिक्षेची मागणी होती, आरक्षणाची होती आणि अत्याचारप्रतिबंधक म्हणजे ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याचीही होती. यातली कुठली मागणी त्या मुलीच्या दुःखातून सरळ निघते? कुठल्या मागणीला वेगळा पुरावा द्यायला हवा होता? मुलींनो, एकदा पाझर फुटला की त्याच्या ओघात काय काय वाहून नेलं जातं, ते पाहायला शिका. एका मुलीवरच्या अत्याचाराचं दुःख हे दुसऱ्या कुणाचं संरक्षण काढून घेण्याचं कारण कसं होऊ शकतं, हा प्रश्न मराठा मुलींनी विचारला तर त्याला जास्त पत येईल, दलित मुलींनी विचारला तर जास्त धैर्य लागेल. दोघी एकाच बाकावर बसलेल्या असतात. म्हणून तो वर्गातच विचारायचा.

आणि पाझर कुणासाठी फुटतो, हेही पाहायचं. २०१४ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्डा इथे एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. त्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. त्याच महिन्यात, त्याच नगरच्या न्यायालयात, कोपर्डीच्या तिघा आरोपींना फाशीची शिक्षा झाली. कोपर्डीच्या मुलीला न्याय मिळू नये असं कुणीही म्हणणार नाही. पण खर्ड्याच्या आईचं दुःख लाखांच्या गर्दीपर्यंत का पोचलं नाही? पुरावा नुसता असून भागत नाही, तो बोलणारी माणसं उभी राहावी लागतात आणि ती उभी राहायला समाजाचा पाझर लागतो. तीन वाटा एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात ते इथे कळतं, आणि कळताना त्रास होतो. तो व्हायलाच हवा.

सगळ्यात जवळचं व्यासपीठ मात्र घर. दहावीचा निकाल लागतो न लागतो तोच मुलीसमोर जी भाषणं होतात, त्यांना स्पर्धा नसते आणि परीक्षकही नसतो. 'बापाला मान खाली घालायला लावू नको.' 'तुझ्यामागं दोघी बहिणी आहेत.' 'मामानं शब्द दिलाय.' 'देण्याघेण्याचं काही नाही म्हणतात, असं स्थळ परत यायचं नाही.' एकदा आम्ही ही वाक्यं फळ्यावर लिहून तीन रकान्यांत वाटली. मामा पतीच्या रकान्यात गेला, बापाची मान पाझराच्या. पुराव्याचा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. सगळा वर्ग त्या रिकाम्या रकान्याकडे पाहत बसला. मग मुलींनी स्वतःच तो भरायला घेतला. अठरा वर्षांच्या आत लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. १०९८ ला फोन करता येतो. बारावी झाल्यावर पुढे काय काय करता येतं याची यादी. शिवाय, वडिलांशी आधी कोण बोललं तर ते ऐकतील? आजी की शाळेतल्या बाई? म्हणजे पतीचाही विचार आला. आणि बोलायचं ते वडिलांबद्दलची माया न सोडता, हेही त्यांनीच ठरवलं.

यावर आया माझ्याकडे येतात. 'बाई, तुम्ही पोरींना उलट बोलायला शिकवता.' मी सांगते, उलट बोलायला नाही, पारखून ऐकायला शिकवते. बाजारात मडकं घेताना आपण वाजवून घेतो. मग आयुष्य ठरवणारं वाक्य न वाजवता का घ्यायचं?

दुसरा आक्षेप आपल्यातलाच. भावना हीच तर आपली ताकद, ती अशी चिरफाड करून बोथट कशाला करायची? माझं म्हणणं एवढंच की भावनेला पत्ता हवा. दारूबंदीच्या मतदानाचं पाहा. दुकान बंद व्हायला एकूण मतदारयादीच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. सभेत रडलेली बाई त्या दिवशी घरीच थांबली, तर तिचं न पडलेलं मत दुकानदाराच्याच कामी येतं. तिला रडवणारं भाषण सोपं आहे. तिला नवऱ्याच्या नाकासमोरून मतदानाला आणणारं भाषण आपल्याला येतं का?

तेव्हा माझी सूचना अशी. यापुढे परीक्षक म्हणून बोलावणं आलं तर आयोजकांना आधीच सांगावं की आवाज आणि हावभावांचे गुण कमी करा आणि चार प्रश्नांना गुण द्या. हे भाषण कुणाशी बोलतं? ठपका कुणावर ठेवतं? ऐकणाऱ्याने उद्या सकाळी काय करावं असं म्हणतं? आणि यातलं बोलणाऱ्या मुलीने स्वतः पाहिलेलं, विचारलेलं, शोधलेलं किती? विषयही बदलून द्यावेत. 'लेक वाचवा' ऐवजी 'आमच्या घरी जमीन कुणाच्या नावावर आहे' हा विषय देऊन पाहा. पाठ केलेलं भाषण त्या विषयावर सापडणार नाही. मुलीला घरी जाऊन सातबारा मागावा लागेल आणि भाषणाची सुरुवात तिथेच होईल.

हेच चार प्रश्न आपल्या पथनाट्यांना, घोषणांना आणि सभेतल्या आपल्या भाषणांनाही लावावे लागतील. काही आवडती वाक्यं गळतील, त्याला इलाज नाही. पुढच्या ३ जानेवारीला तुमच्या भागातल्या एखाद्या तरी शाळेत हे करून पाहा आणि काय घडलं ते या अंकाकडे लिहून पाठवा. मुलींनी विचारलेले प्रश्न त्यात जरूर लिहा.