‘म्हातारं झालंय’ हे निदान नव्हे

आज जरा भांडायचं आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या संगणकाने असहकार पुकारला. २०१३ साली घेतलेला डेस्कटॉप. सकाळी बटण दाबून आंघोळ उरकून यावं, तरी पडद्यावरचं ते गोल चक्र फिरतंच आहे. चालू झालाच तर तारीख दाखवायचा १ जानेवारी २०१३! साधं वर्तमानपत्राचं पान उघडायला गेलं तरी ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ म्हणून दरडावायचा. आणि दुपारी तासभर टंकत बसलं की काही न सांगता-सवरता फट्‌ करून बंद.

दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “सर, मशीन म्हातारं झालंय. फॉरमॅट मारतो, नाहीतर नवीनच घ्या. सेल चालू आहेत.”

मशीन बारा वर्षांचं, मी चौऱ्याहत्तर. वाक्य जरा लागलंच! पण माझा राग वयाच्या उल्लेखावर नाही. कधीपासून होतंय, केव्हा होतंय, काय केल्यावर होतंय, यातला एकही प्रश्न त्याने विचारला नाही, यावर आहे.

मी विचारलं, “फॉरमॅट केला तर काय काय जाईल?” तो म्हणाला, “डी ड्राइव्हला हात लावत नाही सर.” बरोबर आहे. पण आमच्यासारखी माणसं सगळं डेस्कटॉपवर ठेवतात आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हमध्ये, म्हणजे जो पुसला जाणार त्यातच. माझ्या डेस्कटॉपवर आईच्या ओव्या होत्या. दीडशेच्या वर. तिच्या तोंडून ऐकून वहीत उतरवलेल्या, मग सवडीने टंकलेल्या. आई २००८ साली गेली. वही २०१९ च्या पुरात गेली. दुसरी प्रत केली नव्हती, हा माझा गाढवपणा, तो आधीच कबूल करतो. पण त्या दिवशी ‘बरं, मार’ म्हटलं असतं तर?

मुलाला चहा देऊन परत पाठवला आणि पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, काहीही पुसू नका. आधी फायली पेनड्राइव्हवर घ्या. मग वही घेऊन लक्षणं लिहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.” फायली उतरवायला दोन दिवस लागले, पण ओव्या उतरल्या. त्या रात्री झोप लागली. पुढचं सगळं भाऊबीजेला तो आल्यावर केलं.

पहिलं लक्षण, तारीख. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. आम्ही रात्री भिंतीवरचं बटण बंद करणारी माणसं, त्यामुळे सेल संपला की रोज सकाळी घड्याळ मागे. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. संगणकाच्या मते आज २०१३ असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटंच वाटणार. म्हणजे ज्याला शेजारचे सगळे ‘व्हायरस’ म्हणत होते, तो पन्नास रुपयांच्या आतला सेल निघाला.

दुसरं, दुपारी बंद पडणं. डबा उघडला तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी! उष्णता बाहेर जायला वाटच नाही. ताप फार चढला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला बंद होतो. हा बिघाड नव्हे, शहाणपणा आहे. रंगाच्या ब्रशने धूळ काढली, वाळून गेलेली पेस्ट पुसून नवी लावली. (प्लग काढल्याशिवाय डबा उघडू नका, आणि आतली पॉवर सप्लायची पेटी तर कधीच उघडू नका.)

तिसरं, मंदपणा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर निवांत, मेमरी ठीक, आणि ‘डिस्क’समोर मात्र १०० टक्के. कोणीच काम करत नाही, कारण सगळे एकाची वाट बघताहेत. जुनी हार्डडिस्क म्हणजे फिरती तबकडी, ग्रामोफोनच्या जातीची. तिची प्रकृती सांगणारा एक फुकट प्रोग्रॅम भाच्याने चालवला, तर पिवळा इशारा. तबकडीवरच्या जागा खराब होत चालल्या होत्या. तिच्याऐवजी २४० जीबीची एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. आता मी चष्मा पुसेपर्यंत संगणक तयार असतो.

एकूण खर्च तीन हजारांच्या आत. तीन दुखणी, तीन वेगळी कारणं, आणि त्यातलं ‘म्हातारपण’ एकही नाही.

आता सांगा, फॉरमॅट मारून काय झालं असतं? सेल तसाच, धूळ तशीच, आणि मरणाऱ्या तबकडीवर कोरी विंडोज. चार दिवस बरं वाटलं असतं, मग पुन्हा तेच. आणि मग तो मुलगा म्हणाला असता, “बघा सर, म्हटलं नव्हतं?” चुकीचा उपाय असा स्वतःलाच खरा ठरवतो, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

यात एकटा तो मुलगाच दोषी नाही. ‘तुमच्या संगणकात शेकडो दोष सापडले’ म्हणून घाबरवणारे आणि पैसे मागणारे ते साफसफाईचे प्रोग्रॅम घ्या. धूळ त्यांना दिसते का? कंपन्यांचं तर विचारूच नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यानंतर नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा दुरुस्त्यांसाठी मुदत दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे माझा संगणक धडधाकट असूनही बाद. सुरक्षेचं कारण खोटं नाही. दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मलाही मान्य. पण त्याचा अर्थ यंत्र भंगारात असा होत नाही. भाच्याने त्याच डब्यात लिनक्स मिंट घातलं, फुकट. इनस्क्रिप्टने मराठी उमटते. मला याहून जास्त काय हवं?

आपल्या सरकारचे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टलही काढलं. चांगलंच आहे. पण नियम कचरा झाल्यानंतरचं बघतात. ती वस्तू मुळात कचरा आहे की नाही, हे ठरतं आपल्या बैठकीच्या खोलीत, त्या पाच मिनिटांत.

हो, काही यंत्रं खरंच संपतात. मदरबोर्ड जळला आणि सुटा भाग मिळेना, तर नवीन घ्यावं. पण ते तपासून ठरवावं.

आता त्या मुलाची बाजू. मी त्याला भेटीचे किती देणार होतो? तीनशे. त्यातही पन्नास कमी कर म्हणालो होतो. फॉरमॅटला एक-दोन तास लागतात आणि त्याचे पैसे लोक मुकाट देतात. दोष शोधायला अख्खा दिवस गेला आणि शेवटी पन्नासचा सेल निघाला, तर ‘एवढ्याशाचे एवढे?’ म्हणून आपणच वाद घालतो. निदानाचे पैसे आपण देत नाही, म्हणून निदान मिळत नाही.

हे लिहिताना मला माझा एक विद्यार्थी आठवतोय. साठ पोरांचा वर्ग. हा फळ्यावरचं चुकीचं उतरवायचा. मी प्रगतिपुस्तकात दोन सत्रं ‘लक्ष नाही’ लिहिलं. शेवटी चित्रकलेच्या सरांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं, तेव्हा कळलं, पोराला फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला आणि पोरगं सुधारलं. मी एक प्रश्न विचारला असता तर वर्ष वाचलं असतं. मलाही वेळ नव्हता, त्या दुरुस्तीवाल्या मुलासारखाच. पण वेळ नव्हता म्हणून माझा शेरा खरा ठरत नाही.

तेव्हा मंडळी, एवढंच करा. फायलींची दुसरी प्रत आजच काढा. दुरुस्तीवाला आला की लक्षणांची वही त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, “बाबा, आधी कारण शोध, त्याचे पैसे वेगळे देतो.” मी त्या मुलाला परत बोलावून काढलेली तबकडी दाखवली आणि तीनशे हातावर ठेवले. आधी घेईना. मग म्हणाला, “सर, तो तपासायचा प्रोग्रॅम मला पण द्या.”

दिला.