पदवीधराची वहिवाट

कर्जत तालुक्यात पेज आणि उल्हास या नद्यांच्या काठांनी, कशेळ्याच्या रस्त्याला, कोंदिवड्याच्या अंगाला आणि खालापुरात द्रुतगती महामार्गाच्या आसपास गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी असंख्य फार्महाऊसे उभी राहिली, त्यांच्या फाटकांवर शनिवारी-रविवारी कापडी फलक लागतात, आणि त्या फलकांवर मुंबई-पुण्याच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाचे नाव, तुकडीचे वर्ष आणि ‘स्नेहमेळावा’ हा शब्द असतो. मंडळी सकाळी येतात, पोहतात, जेवतात, जुनी गाणी म्हणतात, एका रंगाचे सदरे घालून छायाचित्र काढून घेतात आणि संध्याकाळी रहदारीच्या नावाने बोटे मोडीत परततात. ज्या संस्थेच्या नावाने हा सोहळा झाला ती त्या दिवशी दूर कोठे तरी कुलूपबंद असते; आणि ज्या कर्जतच्या पाण्यात मंडळी डुंबून गेली त्या कर्जतला स्वतःचेही महाविद्यालय आहे, हे त्यांच्यापैकी फारसे कोणाच्या गावी नसते.

हा देखावा पाहून काही विचारी माणसांनी असा निकाल देऊन टाकला आहे की, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे हे निव्वळ थोतांड आहे, आणि पदवी घेऊन बाहेर पडलेल्या माणसाने विद्यापीठाशी पुढे काही संबंध ठेवण्याचे प्रयोजनच नाही. या मंडळींनी देखाव्याचे केलेले वर्णन आम्हांला अक्षरशः मान्य आहे. त्यावरून त्यांनी काढलेले अनुमान मात्र मुळीच मान्य नाही, आणि ते का नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की, शिक्षण हा एक व्यवहार आहे. विद्यार्थ्याने फी भरली, विद्यापीठाने परीक्षा घेतली, प्रमाणपत्र हाती पडले, हिशेब चुकता झाला. हे म्हणणे ऐकायला मोठे रोखठोक वाटते, परंतु हिशेबाच्या दृष्टीनेच ते खोटे आहे. अनुदानित महाविद्यालयात शिकवणाऱ्याचा पगार सरकारी खजिन्यातून जातो, म्हणजे ज्या कातकऱ्याच्या किंवा ठाकराच्या मुलाने त्या महाविद्यालयाची पायरीही पाहिली नाही त्याच्या बापाने मीठमिरची घेताना भरलेल्या करातून जातो. इमारत बहुधा कोणा देणगीदाराच्या पैशाने उभी असते. मुंबई विद्यापीठाचीच गोष्ट घ्या. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरील राजाबाई मनोरा यांसाठी चार लाख रुपये देणारे प्रेमचंद रायचंद हे व्यापारी. विद्यापीठाची पदवी त्यांच्या नावापुढे कधी लागली नाही. पदवी न घेतलेल्याने मनोरा बांधून द्यावा आणि पदवी घेतलेल्याने फीची पावती दाखवून ऋणमुक्त व्हावे, याला रोखठोकपणा म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

शिवाय हा हिशेब कधी चुकता होत नाही, याचे आणखी एक कारण आहे आणि ते सर्वस्वी स्वार्थाचे आहे. पदवीचे मोल ती मिळाल्या दिवशी गोठून राहत नाही. १९८५ साली बी. कॉम. झालेल्या माणसाच्या प्रमाणपत्राला आज जी किंमत आहे, ती आजचे विद्यापीठ कसे चालते यावर ठरते. २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याच्या घिसाडघाईत मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले, शेवटी कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या काळात या विद्यापीठाच्या लक्षावधी जुन्या पदवीधरांपैकी किती जणांनी ही आपल्या घरची गोष्ट मानून जाब विचारला? चुकचुकण्याचे काम मात्र सर्वांनी चोख केले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मेळावे ही मिरवण्याची जागा. ज्याची गाडी मोठी तो पुढे, ज्याचा धंदा बसला तो घरी, आणि मध्येच शिक्षण सोडलेला तर निमंत्रणाच्या यादीतही नाही. यात तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण हा दोष मेळाव्याच्या जागेचा आणि वर्गणीचा आहे. माणशी दोन-तीन हजार रुपये भरून ज्या ठिकाणी प्रवेश मिळतो तेथे निवड आपोआपच खिशाने होते. तोच मेळावा महाविद्यालयाच्या सभागृहात भरवा, वर्गणी चहा-वड्यापुरती ठेवा, म्हणजे खोपोलीच्या कारखान्यातला फिटर आणि परदेशातून आलेला अभियंता एकाच बाकावर बसतील, कारण त्या बाकावर ते पूर्वीही बसलेच होते. अंग फोडाने ठणकते म्हणून अंगच टाकून द्या असा सल्ला कोणी वैद्य देत नाही.

तिसरा आक्षेप कागदी आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या परिषदेच्या नमुन्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान मिळाले, नोंदणीकृत संघ आहे काय हे विचारले जाऊ लागले, त्यांनी पाच वर्षांत किती लाख दिले याचा आकडा मागितला जाऊ लागला. त्यासरशी जेथे पूर्वी माजी विद्यार्थ्याला फाटकावरचा शिपाई आत सोडत नसे तेथेही रातोरात संघ स्थापन झाले, इतिवृत्ते लिहिली गेली, हजेरीपटावर सह्या झाल्या आणि समिती परत गेल्यावर दप्तर कपाटात गेले. हे सारे खरे आहे. परंतु दप्तर खोटे निघाले म्हणजे मूळ हक्क खोटा ठरतो, हा न्याय कोणत्या कचेरीत चालतो? कपाटातला तो नोंदणीचा दाखला कायदेशीर आहे. त्यात जीव ओतणे सदस्यांच्या हाती आहे, समितीच्या नाही.

मग पैशाचा प्रश्न येतो. माजी विद्यार्थ्यांना बोलावतात ते झोळी पुढे करण्यासाठी, असे सर्रास म्हटले जाते आणि दाखल्यादाखल पवईच्या आयआयटीकडे बोट दाखवले जाते. तेथे १९७३ साली दाखल झालेल्या नंदन निलेकणी यांनी पन्नास वर्षांच्या ऋणानुबंधानिमित्त २०२३ साली ३१५ कोटी रुपये दिले, पूर्वीचे ८५ कोटी धरून एकूण ४०० कोटी; त्याच वर्षी १९९८ च्या तुकडीने रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटींचा संकल्प सोडला. हे आकडे वाचून तालुक्याच्या गावचा पदवीधर एक तर दिपून जातो किंवा खजील होतो, आणि दोन्ही प्रकारांत घरीच बसतो. त्याने हे ध्यानात घ्यावे की कर्जतच्या कोकण ज्ञानपीठाच्या महाविद्यालयातून किंवा खोपोलीच्या के. एम. सी. महाविद्यालयातून बाहेर पडलेल्याकडे आजचा विद्यार्थी कोटी मागत नाही. त्याच्या घराण्यात त्याच्या आधी कोणी पदवीधर झालेला नसतो, म्हणून अर्ज कोठे करायचा, मुलाखतीला काय विचारतात, रसायनीच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार कसे घेतात, सनदी लेखापालाची परीक्षा कर्जत लोकलमधून ये-जा करताना देता येते की नाही, हे सांगणारे माणूस त्याला हवे असते. शहरातल्या सुखवस्तू मुलाला ही माहिती जेवणाच्या टेबलावर मामा-काकांकडून फुकट मिळते. डोंगराखालच्या पाड्यावरून येणाऱ्या मुलाला ती माजी विद्यार्थ्याखेरीज कोण देणार? कोटीच्या देणगीने प्रयोगशाळा उभी राहील, पण ही उणीव भरून निघणार नाही.

उरला तो आक्षेप खास आमच्या मुलखाचा. आमचे विद्यापीठ कलिन्यात, आम्ही कर्जतला. दीक्षान्त समारंभाचा मंडपही आम्ही पाहिला नाही. विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेवरची एक मुद्रा, तिच्याशी नाते कसले? शेकडो संलग्न महाविद्यालये सात जिल्ह्यांत पसरलेल्या विद्यापीठात ही परकेपणाची भावना उपजणे स्वाभाविक आहे (आणि मेळाव्यासाठी मुंबईस निघालेल्या माणसाला रविवारचा मेगाब्लॉक ती अधिक दृढ करून देतो, हेही खरे). परंतु विद्यापीठ अंतरावरून जवळ-दूर ठरत नाही, हे कर्जतच्या शेतकऱ्याने केव्हाच सिद्ध केले आहे. १९१९ पासून कर्जतला भात संशोधनाचे केंद्र आहे. १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झाल्यावर ते त्या विद्यापीठाकडे गेले. तेथे निपजलेल्या ‘कर्जत’ मालिकेतील वाणांची आणि ‘सह्याद्री’ या संकरित भाताची नावे कोकणातल्या खलाटीत माहीत आहेत. शेतकरी केंद्रावर जातो, बियाणे नेतो, रोग पडला तर रोप उपटून घेऊन पुन्हा येतो आणि शास्त्रज्ञाला तोंडावर प्रश्न करतो. त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी नाही, आणि तरी विद्यापीठाशी त्याचा संबंध चालू आहे, कारण त्याला तेथे काम आहे आणि ते विचारण्याचा आपल्याला हक्क आहे याविषयी त्याच्या मनात किंतु नाही. पदवीधराची उणीव नेमकी येथे आहे. त्याला वाटते, आपण तेथे पाहुणे.

तो पाहुणा नाही. विद्यापीठाच्या रचनेत पदवीधराला स्थान मिळावे यासाठी या देशात दीर्घ काळ झगडा झाला आहे. आरंभी सरकारने नेमलेले फेलोच काय ते विद्यापीठ चालवीत. नोंदणीकृत पदवीधरांनी काही फेलो निवडावेत ही तरतूद १९०४ च्या कायद्यात आली. १९२७ साली मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई विधिमंडळापुढे असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे स्वतः १९१२ साली याच विद्यापीठाचे बी. ए. झाले होते, सिनेटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेत, मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी असावेत म्हणून बोलले. आज २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यान्वये सिनेटवर दहा सदस्य नोंदणीकृत पदवीधर निवडून देतात, आणि अंदाजपत्रक त्याच सिनेटपुढे येते. एवढा अधिकार हाती असता २०२४ च्या सप्टेंबरात मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक झाली तेव्हा मतदारयादीत नावे होती सुमारे १३,४००. सात जिल्हे, दीडशेहून अधिक वर्षे, आणि नावे साडेतेरा हजारही नाहीत. त्यांतलेही जवळजवळ निम्मे मतदानास फिरकले नाहीत. पुढे याच मंडळींनी चहाच्या टपरीवर विद्यापीठात राजकारण शिरल्याची तक्रार करावी! जागा रिकामी ठेवली की संघटित पक्ष ती भरणारच. त्यात त्यांचा अपराध तो काय?

गावातल्या वहिवाटीच्या पाऊलवाटेचा न्याय येथेही लागू आहे: कागदावर हक्क असला तरी वर्षानुवर्षे त्या वाटेने कोणी गेले नाही तर कुंपण पुढे सरकते, आणि मग हक्क सिद्ध करीत मामलेदार कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात. मेळावा ही ती वाट चालती ठेवण्याची युक्ती आहे. त्याचे महत्त्व एवढेच, पण एवढे निश्चित.

ज्यांनी ही वाट चालती ठेवली त्यांचे दाखले आमच्यापाशी आहेत. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली जे पहिले चार बी. ए. झाले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानडे पुढे न्यायमूर्ती झाले, कामाच्या रगाड्यात सापडले. तरी फेलो या नात्याने, मराठी आणि इतर देशी भाषांना विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत स्थान मिळावे म्हणून त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. भांडारकर १८९३ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. साताऱ्याकडे पाहावे तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन परतले ते रयत शिक्षण संस्थेतच. यांपैकी कोणी एका तुकडीचे सदरे शिवून घेतल्याची नोंद नाही.

आणि दूर कशाला जावे? याच कर्जत तालुक्यातील माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना आपण भाई कोतवाल म्हणून ओळखतो, नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मले आणि कायद्याची पदवी घेऊन वकील झाले. त्या काळी त्या समाजातील पदवीधराला मुंबईत वकिली थाटून सुखाने राहणे अशक्य नव्हते. त्यांनी डोंगराखालच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, खेड्यापाड्यांत शाळा चालवल्या, आणि बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह देह ठेवला. ते कोणत्या मेळाव्यास गेले असतील असे नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे: शिकून मोठे होणे आणि जेथून शिकण्याची वाट निघते तिकडे पाठ न फिरवणे, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे या तालुक्याने प्रत्यक्ष पाहिले आहे. कर्जतच्या पदवीधराला ‘आम्हां खेड्यातल्यांना हे कोठले जमणार’ असे म्हणण्याची सवलत म्हणूनच उरलेली नाही.

तेव्हा मेळावे अवश्य भरवावेत. फार्महाऊसवरही एखादे वेळी भरवावेत, मित्रांनी पोहण्यास आमची हरकत नाही, फक्त त्याला विद्यापीठाशी संपर्क म्हणू नये. कर्जत-खालापुरातील माजी विद्यार्थी संघांच्या चालकांस आमची विनंती एवढीच की, पुढचा मेळावा महाविद्यालयातच आणि वर्ग चालू असलेल्या दिवशी घ्यावा. अध्यक्षीय भाषणे अर्ध्यावर आणावीत आणि उरलेल्या वेळात प्रत्येक माजी विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षाच्या पाच-सहा मुलांसमवेत बसवावे. नापास होऊन गेलेल्यांनाही पत्रे धाडावीत. आणि दारातल्या मेजावर गुलाबपाण्याशेजारी सिनेटच्या पदवीधर नोंदणीची माहिती ठेवून, नोंदणी खुली होताच अर्ज भरून घेण्यास एक माणूस नेमावा.