उलटलेली डुकरीण वांझ नव्हे

डुकरीण एकदोनदा उलटली की तिला वांझ ठरवून खाटकाच्या हवाली करण्याची रीत अनेक वराहपालकांत आढळते. आमच्या मते अशा पुष्कळ माद्या निर्दोष असतात. चूक असते ती भरवण्याच्या वेळेची.

मादीच्या जननेंद्रियांतील ऊती सदैव एकाच स्थितीत राहत नाहीत. सुमारे २१ दिवसांच्या (१८ ते २४) फेऱ्यात त्या वाढतात, पाझरतात व ओसरतात. माज जवळ आला म्हणजे बीजकोशावरील पुटके फुगतात. त्यांच्या अंतःस्रावामुळे गर्भाशयाचे अस्तर रक्ताने व द्रवाने भरून येते आणि योनिमुख सुजून लाल होते. ही लाली खऱ्या माजाच्या आधीची असते, आणि घोटाळा होतो तो येथेच. लाली दिसताच मादी नराकडे नेली जाते. परंतु ती नरासमोर उभी राहू लागल्यानंतरही बीजे सुटण्यास साधारणतः दीड दिवस लागतो, व सुटलेले बीज काही तासच फलनक्षम राहते. पाठीवर हाताने दाब दिला असता मादी निश्चल उभी राहील, तेव्हाच माज खरा समजावा. त्यानंतर सुमारे १२ तासांनी एकदा व पुढे तितक्याच अवधीने पुन्हा भरवावी. तरुण मादीचा माज अल्पकाळ टिकतो. तिच्या बाबतीत विलंब नको.

बीजे सुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो व त्याच्या स्रावाने अस्तरातील ग्रंथी वेटोळ्या होऊन भ्रूणांना पोसणारा रस पाझरू लागतात. अकराव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणांकडून गर्भाशयास इशारा मिळतो. तो न मिळाल्यास पंधराव्या दिवसानंतर गर्भाशयच पीतपिंडाचा नाश घडवून आणते आणि मादी पुन्हा माजावर येते. म्हणजे ठरल्या दिवशी उलटणारी डुकरीण आपले बीजकोश व गर्भाशय कामात असल्याचीच साक्ष देत असते! तिला वांझ कसे म्हणावे? एकाच नराकडे नेलेल्या अनेक माद्या उलटल्या, तर संशय नरावर घ्यावा. कडक उन्हाळ्याने त्याचे वीर्य बिघडते. पण नराला दोष देण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही.

भरवल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिली तरी पुरे. कार्यकर्त्यांनी त्या तारखेपासून अठराव्या ते चोविसाव्या दिवसांत मादी पाहावी. माज दिसला नाही, तर ११४ दिवसांचा हिशेब धरून विण्याची तयारी करावी.