सत्तावन्नाव्या वर्षी पुढच्या सीटवर

जयसिंगपूरच्या पेठेत धान्याची पेढी असलेल्या एका कुटुंबातील थोरले बंधू पस्तीस वर्षे मोटरसायकलवर बसले, पण नेहमी मागे. घरात आणि पेठेत सारे त्यांना अण्णा म्हणतात. पुढे धाकटे बंधू, मागे अण्णा. सकाळी मंदिर, मग पेढी, दुपारनंतर मळ्यावर एक फेरी आणि सूर्यास्तापूर्वी जेवायला घरी, असा क्रम. गावाला या जोडीची इतकी सवय झालेली, की एखादे दिवशी धाकटे एकटेच दिसले तर ‘अण्णा आजारी आहेत का?’ अशी विचारणा होई. अण्णांना गाडी चालवता येत नाही ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नव्हती, आणि अण्णांनीही ती कधी येऊ दिली नव्हती.

त्याला कारण होते. विशीत असताना त्यांनी एका मित्राची गाडी भर बाजारात चालवून पाहिली. क्लच एकदम सुटला, गाडी उसळली आणि मेथीच्या जुड्या मांडलेल्या एका पाटीवर जाऊन आडवी झाली. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मेथीचे पैसे भरून दिले. पण भोवतालची माणसे खो खो हसली होती. गुडघ्यावरची खपली आठ दिवसांत पडून गेली, ते हसणे मात्र अण्णांच्या कानांत पुढे साडेतीन दशके राहिले. उतारवयात गाडी शिकू पाहणाऱ्यांना पडण्याचे भय असते असे आपण समजतो. बहुतेकांना पडण्यापेक्षा पडताना कोणी पाहील याचेच भय अधिक असते.

गेल्या मार्गशीर्षात धाकट्या बंधूंच्या उजव्या अंगावरून वारे गेले. उपचार वेळेवर मिळाले, बोलणे पूर्ववत झाले, काठी टेकत चालणेही सुरू झाले. उजव्या हाताची पकड मात्र परतली नाही. मोटरसायकलचा वेग आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हातात असतात. गाडी ओसरीत झाकून ठेवली गेली आणि त्या दिवसापासून अण्णा थांबू लागले. मुलगा म्हणे, “पाच मिनिटांत आलो, मी सोडतो की तुम्हांला.” त्या पाच मिनिटांची कधी चाळीस होत. मुलाचा त्यात काही दोष नव्हता. त्याला त्याची नोकरी होती. पण ज्याच्या शब्दावर पेढीवरचे व्यवहार ठरतात, तो माणूस दारात चपला घालून रस्त्याकडे पाहत उभा राही. मुलाबाळांना यातील जाच सहसा कळत नाही, कारण त्यांच्या मनात केवळ प्रेमच असते.

एके रात्री धाकट्यांनी विचारले, “अण्णा, आडसाली केवढा झाला?” अण्णांनी गड्याने सांगितलेले तसेच्या तसे सांगितले. मग दोघांच्याही ध्यानात आले की दोन महिन्यांत मळ्याचे तोंड दोघांनीही पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पुतणीला एकटीला गाठले. वडिलांची तीच गाडी घेऊन ती कॉलेजला जात असे आणि आता सुट्टीत घरी आली होती. ती हसली नाही. “पहाटे निघू,” एवढेच म्हणाली.

तत्पूर्वी कागदपत्रांचे सोपस्कार झाले. चाळिशीपुढच्या उमेदवाराला शिकाऊ परवान्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्या निमित्ताने डोळे तपासले गेले आणि दूरच्या चष्म्याचा नंबर दोन वर्षांपासून चुकीचा होता असे निघाले. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, तो मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, आणि तोवर शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. हे शेवटचे कलम ऐकून धाकटे म्हणाले, “म्हणजे मला अजून थांबायचंय.” आयएसआय चिन्हाचे हेल्मेट डोक्याच्या मापाचे घेतले गेले. हनुवटीखालचा पट्टा बांधला नाही तर हेल्मेट नुसते टोपीसारखे राहते, हे अण्णांना दुकानदाराने नव्हे, पुतणीने सांगितले.

पहिल्या पहाटे शाळेमागच्या गवताळ मैदानावर अण्णा गाडीवर बसायला निघाले, तर पुतणी म्हणाली, “थांबा. आधी आपण ती पाडूया.”

तिने पेट्रोलचा कॉक बंद केला, गाडी गिअरमध्ये टाकली, डाव्या बाजूचे स्टँड आधीच काढून ठेवले आणि गाडी उजव्या अंगावर हळूच गवतात निजवली. मग म्हणाली, “आता उचला.” सुमारे ११० किलो वजन. अण्णांनी वाकून दोन्ही हातांनी ओढून पाहिले. गाडी हलली नाही, कंबर मात्र हलली. मग तिने रीत दाखवली. गाडीकडे पाठ करायची, गुडघे वाकवून बूड सीटला टेकवायचे, एका हाताने खालच्या बाजूची हँडलची मूठ आणि दुसऱ्याने सीटखालची कडी धरायची, पाठ ताठ ठेवायची आणि पायांच्या जोरावर लहान लहान पावले मागे टाकत जायचे. गाडी उभी राहिली आणि स्टँडवर विसावली. अण्णांनी ती चार वेळा निजवली आणि चार वेळा उचलली. त्या दिवशी इंजिन सुरूच झाले नाही.

वरकरणी हा वेळेचा अपव्यय वाटेल. तरुणाला तो करावाही लागत नाही. तो पडतो, उठतो आणि विसरतो. प्रौढ माणसाचे मन मात्र पडण्याच्या कल्पनेपाशीच अडून बसते, कारण पडल्यानंतर काय करायचे हे त्याला ठाऊक नसते. अण्णांच्या डोळ्यांपुढे इतकी वर्षे जे चित्र होते, त्यात गाडी आडवी होती आणि तिथेच ते संपत होते. गाडी पुन्हा उभी करता येते, आणि ती आपल्याच्याने होते, हे त्या सकाळी त्यांना पहिल्यांदा ठाऊक झाले.

पुढचे आठ दिवस क्लचचे. वेग न देता, नुसता क्लच केसभर सोडून गाडी जिथे पुढे सरकू पाहते, ती जागा डाव्या हाताच्या बोटांना पाठ होईपर्यंत शोधायची. सरकली की पुन्हा दाबायचा. पन्नास वेळा, शंभर वेळा. धान्याची प्रत बोटांनी ओळखणाऱ्या माणसाला ही भाषा लवकर समजली. मग माणसाच्या चालीइतक्या वेगाने मैदानाची फेरी: अर्धा क्लच, स्थिर वेग आणि उजव्या पायाने मागच्या ब्रेकचा हलका स्पर्श. बाहेरून पाहणाऱ्याला वेगात जाणारा स्वार निष्णात वाटतो. प्रत्यक्षात वेगात गाडीचा तोल बराचसा आपोआप राखला जातो; स्वाराची परीक्षा होते ती मंद गतीत, गर्दीत, वळणावर. ज्याला पायी चालीने गाडी चालवता येते, त्याला बाजाराचे भय उरत नाही.

नजरेचा धडा अधिक कठीण गेला. मैदानात एक दगड होता. एवढ्या मोकळ्या जागेत तो एकच दगड, आणि अण्णांची गाडी दर फेरीला त्याच्याकडेच जाई. पुतणी ओरडे, “दगडाकडे बघू नका, जायचंय तिकडं बघा.” गाडी नजरेमागे जाते, खड्ड्याकडे टक लावली की खड्ड्यातच जाते. व्यापारात उलट शिकवण मिळालेली: धोक्यावर डोळा ठेवायचा. ती सवय मोडायला दोन आठवडे लागले. मान वळत नव्हती हेही एक कारण होते. मग सकाळी स्नानापूर्वी मानेचे चार व्यायाम सुरू झाले.

ब्रेकसाठी तिने दोन सकाळी राखून ठेवल्या, आणि ते योग्यच केले. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते. त्यांचा अहवाल १९८१ साली निघाला. अपघातग्रस्त स्वारांपैकी ९२ टक्के एक तर स्वतःच शिकलेले होते किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून. संकटाच्या क्षणी बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका दाबला की चाक घसरले, आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. वास्तविक थांबवण्याची अधिक शक्ती पुढच्या चाकात असते, कारण ब्रेक लागताच भार पुढे येतो. आपल्याकडे तर ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील’ हा उपदेश वडीलधारे पिढ्यान् पिढ्या देत आले आहेत. तो निम्माच खरा आहे: हँडल वळलेले असताना, वाळूत किंवा चिखलात पुढचा ब्रेक पाडतो. सरळ कोरड्या रस्त्यावर तो लिंबू पिळावा तसा क्रमाक्रमाने पिळायचा आणि सोबत मागचा दाबायचा. घरच्या माणसाने शिकवायला घेतले तर निदान एवढे तरी शिकवावे. शिवाय वेगाचे गणित: ताशी ४० किलोमीटरला गाडी दर सेकंदाला ११ मीटर पुढे जाते आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर जवळजवळ चौपट होते. अण्णांनी हा हिशेब स्वतः मांडून पाहिला आणि मग आपला वेग आपणच ठरवला. पुतणीने तो कधी विचारला नाही.

रस्त्यावर प्रथम निघाले तेव्हा कारखान्यांचा हंगाम अजून संपला नव्हता. त्या भागातील मंडळींना सांगायला नको. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, रस्त्यावर सांडलेली वाडी, शेतातून चाकांबरोबर आलेली चिकट काळी माती आणि साईडपट्टीची दोन वीत खोल धार. ट्रॉलीला ओलांडून जायची पुतणीची घाई, तर अण्णा मागे अंतर ठेवून निवांत. तिचे म्हणणे, मागे किती वेळ राहणार? अण्णांचे म्हणणे, मळा कुठे पळून जातोय. या एका बाबतीत शिष्याचेच खरे मानावे लागेल. काळोख पडल्यावर, बाहेर निघालेल्या उसाच्या मोळ्या आणि मागे दिवा नसलेली ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यातून समोरच्या प्रखर दिव्याने दिपलेले डोळे सावरायला वयाबरोबर अधिक वेळ लागतो. सूर्यास्तापूर्वी घरी परतण्याची घरची रीत इथे आयतीच उपयोगी पडली. अण्णांनी अंधारात गाडी काढायची नाही असे ठरवले, आणि त्याबद्दल त्यांना जराही कमीपणा वाटला नाही.

एप्रिलमध्ये ते बाजारातून जात असताना समोर एकाएकी हातगाडी आडवी आली. हँडल वळलेले होते आणि उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबला. नको तेच झाले. गाडी जागच्या जागी कलली आणि आडवी झाली. रसाच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या दोन पोरांना हसू आले. अण्णांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले, आरसा पाहिला, गाडीकडे पाठ केली, गुडघे वाकवले आणि ती उचलली. त्या हसणाऱ्या पोरांपैकीच एक धावत येऊन म्हणाला, “काका, असं पाठीनं उचलायचं कुणी शिकवलं?” अण्णांनी त्याला सगळी रीत नीट समजावून सांगितली. मागे रिक्षावाला भोंगा वाजवत होता.

चाचणीत आठच्या आकड्याच्या मार्गावर पहिल्या खेपेला पाय टेकला. पुन्हा तारीख घेतली. मे महिन्याच्या अखेरीस पक्का परवाना हाती आला. पंचावन्न वर्षांवरील व्यक्तीला तो पाच वर्षांचाच मिळतो. “बासष्टाव्या वर्षी पुन्हा बघू,” असे म्हणून अण्णांनी तो पाकिटात ठेवला. मागे माणूस बसला की गाडी वळणावर जड होते, थांबायला अधिक अंतर घेते आणि मागच्या चाकात हवाही थोडी जास्त लागते. हा सराव पुतणीला मागे बसवून आधीच झाला होता. धाकट्यांना मागे बसू द्यायला हरकत नाही, डाव्या हाताने कडी घट्ट धरायची, असे डॉक्टरांनी सांगितले.

ठरल्या दिवशी दुपारी चारला धाकटे टोपी घालून, नवे हेल्मेट मांडीवर घेऊन ओसरीत बसले होते. तेवढ्यात वळीव आला. दहा मिनिटे सडसडून पडला आणि थांबला. मातीचा वास सुटला, ऊनही पडले. रस्त्यावर उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल यांचा पातळ चकचकीत थर तयार झाला होता. अण्णा दारात जाऊन बराच वेळ त्याकडे पाहत राहिले.

“आज नको,” ते म्हणाले.

“अण्णा, एवढ्याशा पावसाला?” धाकट्यांचा आवाज उतरला.

समोरच्या कट्ट्यावरून शेजाऱ्यांनी हसत विचारले, “काय अण्णा, अजून भीती वाटते होय?”

“वाटते की,” अण्णा म्हणाले, आणि गाडीवर आच्छादन घालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता खडखडीत वाळलेला होता. साडेसातला दोघे निघाले. ओढ्याच्या वळणापर्यंत धाकटे मागून सूचना देत होते: गिअर बदल, भोंगा दे, डावीकडून घे. वळण घेतल्यावर दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, आणि मग ते काही बोलले नाहीत.