बोल्ट नवा, पण वेग मोजला का?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. बंदुकीशी माझा संबंध १८५७ च्या काडतुसांपुरता. तरी आज मी बंदुकीच्या एका सुट्या भागावर लिहिणार आहे, आणि जरा रागाने लिहिणार आहे. हा राग थोडा माझ्यावरही आहे. का, ते पुढे येईलच.

आमच्या तुर्भ्याच्या एमआयडीसीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा लहानसा गाळा आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, कोपऱ्यात गणपतीचा फोटो. शाळेत असताना हा मुलगा शेवटच्या बाकावरचा. निबंधात काना-मात्रा कधी धड नसायचा. आता मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून स्वतःच्याच कारागिराशी भांडतो! सकाळी फिरून येताना मी कधी कधी तिथे टेकते. "बाई, चहा घ्या," म्हणतो आणि हातातलं काम दाखवतो.

गेल्या जानेवारीत त्याच्या टेबलावर एक काळी बंदूक पडलेली दिसली. मी दचकले. तो हसला. "बाई, खेळातली आहे. पेंटबॉलची."

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जिलेटिनच्या पातळ कवचात रंग भरलेली गोळी असते, व्यास साधारण पाऊण इंचाच्या आत, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. ती दाबलेल्या हवेने किंवा कार्बन डायऑक्साइडने उडवायची. अंगावर फुटली की रंग लागतो, आणि ज्याला लागला तो बाद. या बंदुका आधी अमेरिकेत झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला वापरत. १९८१ साली न्यू हॅम्पशायरच्या जंगलात बारा जणांनी त्या घेऊन पहिला खेळ खेळला. आता आपल्याकडे वाढदिवस आणि कंपन्यांच्या सहली यांच्यासाठी ठिकठिकाणी हे मैदान असतं.

अशाच एका मैदानाचा मालक (नाव सांगत नाही, आणि विचारू नका) बारा बंदुकांचे बोल्ट बनवून घ्यायला आला होता. बंदुकीतला बोल्ट म्हणजे नट-बोल्टातला नव्हे. त्या बंदुकीत एकावर एक दोन नळ्या असतात. वरच्या नळीत बोल्ट, खालच्या नळीत हॅमर, आणि दोघांना जोडणारी एक पिन. घोडा ओढला की स्प्रिंग हॅमरला पुढे ढकलते, त्याच्याबरोबर बोल्ट पुढे सरकतो आणि गोळीला नळीत बसवतो. हॅमर जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो, गॅस सुटतो, बोल्टच्या पोटातून गोळीच्या पाठीवर येतो आणि गोळी सुटते. उरलेला गॅस हॅमरला पुन्हा मागे लोटतो. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत!

मालकाचे जुने बोल्ट अॅल्युमिनियमचे होते, झिजलेले. गोळ्या आतच फुटायच्या. माझ्या विद्यार्थ्याने डेलरिन नावाच्या प्लॅस्टिकचे बोल्ट सुचवले. वजनाला हलके, मुळातच बुळबुळीत, घासत नाहीत. तोंडही जरा मोकळं ठेवलं, म्हणजे गॅस न अडता जाईल. एक नमुना करून त्याने बंदुकीत बसवला, तेव्हा मी समोर बसले होते.

आधी गोळ्यांचा डबा काढला, मग गॅसचा सिलिंडर. आत उरलेला गॅस भिंतीकडे दोनदा रिकामा झाडून टाकला. मगच पिन ओढून जुना बोल्ट बाहेर घेतला. त्याच्या रबरी ओ-रिंगा नखाने तपासल्या. एकीला बारीक चीर होती, ती फेकली. "बाई, ही घट्ट झाली तर बोल्ट अडकतो, सैल झाली तर गॅस गळतो. सगळा खेळ हिच्यावर." नव्या रिंगेला तेलाचा एक थेंब. बोल्टचं भोक खालच्या व्हॉल्व्हच्या भोकासमोर येईल असा तो सरकवला, पिन हॅमरच्या खाचेत बसवली, सिलिंडर हळूहळू फिरवून लावला आणि कान लावून ऐकलं. गळती नाही.

मला वाटलं, झालं काम. तो म्हणाला, "आता काम सुरू."

त्याने डोळ्यांवर गॉगल चढवला, मला दाराबाहेर उभं केलं आणि नळीसमोर एक छोटं यंत्र धरलं. क्रोनोग्राफ. गोळीचा वेग मोजणारं. या खेळात जगभर सेकंदाला ३०० फूट ही वरची मर्यादा धरतात, आणि भाड्याने बंदुका देणारी मैदानं बहुधा २८० किंवा त्याहून खालीच राहतात. नव्या बोल्टने पहिलीच गोळी ३२० च्या वर गेली! स्प्रिंग तीच, गॅस तोच, फक्त वाट मोकळी झाली होती. मग त्याने मागचा स्क्रू एलन कीने जरासा सैल केला. पुन्हा पाच गोळ्या. पुन्हा पाव फेरा. प्रत्येक आकडा वहीत. शेवटी सगळे आकडे २७० च्या आसपास आले, आणि मुख्य म्हणजे एकमेकांच्या जवळ आले. अर्धा तास गेला. बोल्ट बसवायला दहा मिनिटं लागली होती.

मालकाला ही वही दाखवली तर तो वैतागला. "बाकीचे अकरा नुसते द्या. आमची पोरं बसवतील. काही होत नाही. आणि जोर जरा जास्त असला तर बरंच, गिऱ्हाइकाला मजा येते."

माझा विद्यार्थी अडला. म्हणाला, मी बसवून, मोजूनच देईन. मालकाने माझ्याकडे पाहिलं, म्हातारी बाई मध्यस्थी करेल म्हणून. आणि मी केलीसुद्धा! मी म्हणाले, "अरे, देऊन टाक. गिऱ्हाईक आहे तुझं. ते बघून घेतील."

त्याने दिले. मी सांगितलं म्हणून दिले.

मे महिन्यात माझा नातू मित्राच्या वाढदिवसाला त्याच मैदानावर गेला. मला नंतर कळलं. घरी आला तो मानेवर जांभळा वळ घेऊन. मास्क घामाने धुरकटला म्हणून त्याने क्षणभर वर केला होता, आणि त्याच क्षणी गोळी आली. चार बोटं वर लागली असती तर हा लेख मी लिहिला नसता, आणि पुढची वर्षं काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

नातू म्हणाला, "आजी, काही होत नाही गं." हे वाक्य तो कुठून शिकला? आमच्याकडूनच.

तर मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. खेळाशी नाही. मुलांनी पळावं, लपावं, थोडं खरचटून घ्यावं, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती नवा भाग बसवून न मोजता तो दुसऱ्याच्या मुलावर रोखण्याला.

आमच्यात नव्याची हौस दांडगी, आणि नवं आणलं की ते जुळवून घ्यायचा कंटाळाही तेवढाच. बोल्ट बदलणं म्हणजे सुधारणा, असं आपण समजतो. खरं तर बोल्ट बदलला त्या क्षणी बंदुकीबद्दल आपल्याला जे ठाऊक होतं ते सगळं रद्द झालं. कालचा आकडा आज खरा नाही. मोजल्याशिवाय ती सुधारलेली बंदूक नव्हे, अनोळखी बंदूक आहे.

काही जण म्हणतील, दहा-वीस फुटांनी काय फरक पडतो? इतिहासाची बाई असले तरी एवढं गणित मला येतं. माराची ताकद वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग २८० चा ३४० झाला, म्हणजे एकपंचमांशाहून थोडा जास्त वाढला, तर मार जवळजवळ दीडपट होतो.

दुसरं म्हणणं, एकदा सेट केली की झालं. तेही खोटं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधला दाब तापमानाबरोबर चढतो. २१ अंशांना साधारण ८५० पीएसआय असतो, ३१ अंशांना हजाराच्या पुढे जातो. जानेवारीच्या सकाळी लावलेला स्क्रू मेच्या दुपारी तोच राहतो, पण गोळी तीच राहत नाही. आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत जिलेटिनची गोळी ओल धरून फुगते, नळीत घट्ट बसते किंवा आतच फुटते. परदेशी पुस्तिकेतलं सेटिंग तुर्भ्याच्या हवेला विचारून छापलेलं नसतं.

तिसरं म्हणणं, यंत्र महाग आहे. एका बऱ्या बंदुकीच्या किमतीत ते येतं. बारा बंदुका घेणाऱ्याने तेरावी घेतली असं समजावं.

आणि चौथं, माझ्या पिढीचं लाडकं: "आम्ही विटीदांडू खेळलोच की!" खेळलो. विटीने डोळा गेलेली माणसंही आपल्या गावात होती, त्यांची आठवण मात्र आपण सोयीने काढत नाही.

इथून जवळच एपीएमसी मार्केट आहे. तिथल्या कांदा-बटाट्याच्या काट्यालाही वैधमापन खात्याकडून ठरावीक मुदतीने तपासून शिक्का घ्यावा लागतो. शंभर ग्रॅम कांदा कमी आला तर आपण व्यापाऱ्याशी भांडतो. पोराच्या तोंडाकडे येणाऱ्या गोळीचा वेग मात्र कुणी विचारत नाही! कांद्याची आपल्याला जास्त काळजी आहे, असंच म्हणावं लागेल.

जोर म्हणजे मजा, हेही एकदा तपासून पाहायला हवं. १९८१ चा तो पहिला खेळ जिंकणाऱ्या रिची व्हाइटने एकही गोळी झाडली नव्हती. झाडांआडून गुपचूप जाऊन त्याने निशाणं गोळा केली. आणि आपल्या शेजारच्या पनवेलमध्ये नेमबाज घडवणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलमध्ये चारशेपैकी चारशे गुण मिळवले. तिथे छर्रा किती जोरात गेला याला गुण नसतात. प्रत्येक छर्रा आधीच्यासारखाच जावा लागतो. सारखेपणा कमावणं हेच कौशल्य, जोर कुणीही वाढवतो.

नातवाचा वळ पाहिल्यावर मी विद्यार्थ्याकडे गेले. त्याला ओरडायला नव्हे, माफी मागायला. तो म्हणाला, "बाई, चला." आम्ही दोघं यंत्र घेऊन त्या मैदानावर गेलो. मालक आधी चिडला, पण नातवाचं ऐकल्यावर गप्प झाला आणि मोजू दिलं. बारापैकी चार बंदुका ३०० च्या वर होत्या. एक ३३८! जानेवारीत माझ्यासमोर २७० ला लावलेली नमुन्याची बंदूकसुद्धा उन्हात २९० च्या पुढे गेली होती. एका बंदुकीचा स्क्रू तर कुठल्यातरी गिऱ्हाइकानेच पिळला असावा, असं तिथला मुलगा म्हणाला. संध्याकाळपर्यंत माझ्या विद्यार्थ्याने बाराही खाली आणल्या. पैसे घेतले नाहीत.

आता तो बोल्ट सुटा विकत नाही. बसवून, मोजून, आकडा लिहून देतो. त्यामुळे दोन गिऱ्हाइकं गेली, असं तो सांगतो. या वेळी मी त्याला "देऊन टाक" म्हटलं नाही.

मैदानं चालवणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. रोज सकाळी आणि पुन्हा भर दुपारी प्रत्येक बंदूक मोजा, आकडा फळ्यावर लिहा. बोल्ट, स्प्रिंग, ओ-रिंग काहीही बदललं तर ती बंदूक मोजल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नका. वेगाचा स्क्रू गिऱ्हाइकाला फिरवता येणार नाही असा झाका. मास्क पेंटबॉलसाठीच केलेला असू द्या, एएसटीएम एफ १७७६ हे त्याचं मानक आहे. तो धुरकटला तर पुसायला मैदानाबाहेर सुरक्षित जागा ठेवा, कारण या खेळात डोळ्याच्या गंभीर दुखापती बहुतेक वेळा मास्क काढलेला असतानाच होतात.

आणि आई-बाबांनो, आजी-आजोबांनो, तुम्हाला बोल्ट, हॅमर, ओ-रिंग काही कळायची गरज नाही. मलाही पूर्ण कळत नाही. फॉर्मवर सही करण्याआधी खिडकीतल्या माणसाला एवढंच विचारा, "आज मोजलं का? आकडा दाखवा."

तो "काही होत नाही" म्हणाला, तर मुलांना घेऊन घरी या. मुलं दोन दिवस रुसतील. माझा नातूही रुसला होता.